कुणी न सोडलेला सोंडकिडा

सोंडकिड्यांशी माणसाचं नातं बहुतेक वेळा भांडणाचंच राहिलं आहे. तांदळाला सोंडे लागले की घरात परातींची आणि उन्हाची धावपळ सुरू होते. माडाच्या खोडातून तांबूस चीक गळताना दिसला की कोकणातल्या बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, कारण तोवर सोंड्या भुंग्याच्या अळ्यांनी खोड आतून पोखरलेलं असतं. आंब्याच्या कोयीत दडून बसणारा सोंडकिडा परदेशी जाणाऱ्या पेट्यांच्या वाटेत आडवा येतो. अमेरिकेत तर या कुळाची ख्याती याहून मोठी. मेक्सिकोतून १८९२च्या सुमारास टेक्ससमध्ये शिरलेल्या कापसाच्या सोंडकिड्यानं दक्षिणेकडच्या राज्यांची शेती अशी उलटीपालटी केली, की अलाबामातल्या एन्टरप्राइज या गावानं १९१९मध्ये त्याच्या नावानं स्मारक उभारलं. कापूस बुडाला म्हणून तिथले शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि त्यात सावरले, त्याची ती पोच. (आपल्याकडची बोंडअळी ही पतंगाची अळी, तिचा आणि या किड्याचा काही संबंध नाही.)

या पुस्तिकेच्या नायकाचं स्मारक कुठेही नाही. लांबीला तो दोन ते तीन मिलिमीटर, म्हणजे तांदळातल्या सोंड्याएवढाच. पाठीवर काळसर आणि पिवळट पट्टे, खालची बाजू फिकट, पुढे वाकलेली आखूड सोंड. शास्त्रज्ञ त्याला यूह्रिकिऑप्सिस लेकाँटाय म्हणतात. अमेरिकेचा उत्तर भाग आणि कॅनडाचा दक्षिण भाग, पूर्वेला व्हरमाँटपासून पश्चिमेला वॉशिंग्टन आणि ब्रिटिश कोलंबियापर्यंत, हा त्याचा मुलूख. जगात सोंडकिड्यांच्या साठ हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या फारच थोड्या पाण्याखाली संसार मांडतात, आणि हा त्यांतला एक. मिलफॉइल नावाच्या पाणवनस्पतींवर तो जन्मतो, वाढतो, अंडी घालतो. त्या सोडून दुसरं काही त्याला चालत नाही. पुढे त्याला मिलफॉइलचा सोंडकिडा, किंवा नुसता सोंडकिडा म्हटलं आहे.

एवढ्याशा जिवावर पुस्तिका कशाला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच. माझ्यापुरतं उत्तर असं : ज्या तळ्यात त्याला कुणीही सोडलं नव्हतं तिथे त्यानं अशी करामत केली की सरोवरांवर लाखो डॉलर खर्च करणारी माणसं थक्क झाली, आणि जिथे त्याला विकत आणून, मोजून, काळजीपूर्वक सोडण्यात आलं, तिथे बहुतेक वेळा त्यानं काहीच केलं नाही. हा फरक का पडतो, एवढ्या एका प्रश्नाभोवती पुढची सगळी प्रकरणं फिरतात. किडा हे औषध नव्हे आणि सरोवर हा रोगी नव्हे, हे माझं मत मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला ते पुढे पानोपानी शोधावं लागणार नाही.

त्याची ओळख आधी डॉक्टरांना झाली, ही गंमतच. १८९६ साली डब्ल्यू. जी. डिएट्झ यांनी त्याचं पहिलं वर्णन छापलं. डिएट्झ पेशानं डॉक्टर, पेनसिल्व्हेनियातल्या हेझलटन या कोळशाच्या खाणींच्या गावातले. किड्याला त्यांनी जॉन लेकाँट यांचं नाव दिलं. लेकाँट तोवर वारून तेरा वर्षं झाली होती. तेही डॉक्टरच, १८४६ साली न्यू यॉर्कमधून वैद्यकीची पदवी घेतली, पण घरचं बरं होतं, त्यामुळे नाडी पाहण्यापेक्षा भुंगेरे पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. यादवी युद्धात लष्कराच्या वैद्यकीय सेवेत काही वर्षं, अखेरीस फिलाडेल्फियाच्या सरकारी टांकसाळीत नोकरी, आणि या सगळ्या धबडग्यात भुंगेऱ्यांच्या सुमारे पाच हजार नव्या जातींची वर्णनं. मेक्सिकोच्या उत्तरेकडे सापडणाऱ्या सोंडकिड्यांवर त्यांनी १८७६ साली जॉर्ज हॉर्न यांच्यासह जाडजूड ग्रंथ काढला. हे हॉर्नही डॉक्टर, बाळंतपणं करणारे. त्या पिढीनं टाचणीला टोचलेल्या कीटकांना नावं दिली, पेट्या भरल्या, मोठं काम केलं. पण आमचा किडा काय खातो, हिवाळा कुठे काढतो, त्याला कोण खातं, हे पुढची नव्वदेक वर्षं फारसं कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं. तो कुणाच्या पिकाच्या वाटेला जात नव्हता.

कारण घडलं ते एका परक्या वनस्पतीमुळे.

उत्तर अमेरिकेच्या थंड सरोवरांत मिलफॉइलची एक मूळची जात आहे, तिला उत्तरी मिलफॉइल म्हणू. काठाजवळच्या पाण्यात, इतर पाणवनस्पतींमध्ये अंग चोरून राहणारी. तिचीच एक चुलत बहीण युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिकेतली : युरेशियन मिलफॉइल. काश्मीरच्या दल सरोवरातही ती वाढते. अमेरिकेतली तिची पहिली खात्रीची नोंद १९४२ सालची, वॉशिंग्टन शहरातल्या एका तळ्यातली. तिथून ती पसरत गेली. १९६२मध्ये ती व्हरमाँटला, लेक शँप्लेनच्या सेंट ऑल्बन्स उपसागरात सापडली. १९८७मध्ये मिनेसोटात, मिनियापोलिसजवळच्या लेक मिनेटोंकात. पसरण्याची तिची रीत साधी पण अचाट. बी असतं, पण बियांवर तिची फारशी मदार नाही. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तिचे शेंडे आपोआप तुटून सुटे होतात, कधी तर तुटण्याआधीच त्यांना मुळं फुटलेली असतात. वाऱ्यानं ते काठाला लागतात, चिखलात रुजतात. जे तुकडे मोटारबोटीच्या पंख्यात किंवा बोट वाहून नेणाऱ्या गाड्याच्या चाकात अडकतात, ते रस्त्यानं प्रवास करून दुसऱ्या सरोवरात उतरतात. मिनेसोटा-मिशिगनकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी बोटी उतरवण्याच्या धक्क्यांवर बोट झाडा, पाणी काढा, वाळवा, अशा सूचनांचे फलक पाहिले असतील. त्या फलकांमागच्या मोठ्या दोषींपैकी ही एक.

दोघी बहिणींतला फरक पाहायला भिंग लागत नाही. दोन्हींची पानं पिसासारखी, देठाभोवती चार-चारच्या झुबक्यांनी आलेली. उत्तरी मिलफॉइलच्या पानात साधारण पाच ते दहा बारीक जोड्या असतात, युरेशियनच्या पानात बारा किंवा त्याहून जास्त. झाड पाण्याबाहेर उचललं की युरेशियनची पानं ओल्या सुतासारखी देठाला चिकटून लोंबतात; उत्तरीची बरीचशी ताठ राहतात. पण खरा फरक वागणुकीत आहे. युरेशियन मिलफॉइल वसंतात इतरांच्या आधी जागी होते. मुळांत साठवलेल्या पिष्टमय पदार्थांच्या बळावर चार-पाच मीटर खोल तळातूनही सरळ पृष्ठभाग गाठते आणि तिथे पोचल्यावर फांद्यांवर फांद्या फोडून जाजम पसरते. त्या जाजमाखाली उजेड पोचत नाही, मूळच्या वनस्पती मरतात, खालच्या पाण्यातला प्राणवायू घटतो. माणसांची तक्रार वेगळी : पोहता येत नाही, बोटीचा पंखा फिरत नाही, काठावरच्या घराची किंमत उतरते. सरकारी तिजोऱ्या हलल्या त्या बहुधा या दुसऱ्या तक्रारीमुळे.

मग उपाय आले. पाण्यावर चालणारी कापणी यंत्रं. ती झाडाचे शेंडे छाटतात आणि छाटताना हजार तुकडे मोकळे सोडतात. तळावर अंथरायच्या चादरी. महाग, आणि थोड्याच जागेला पुरणाऱ्या. हिवाळ्यात पाण्याची पातळी उतरवून मुळं गोठवायची. हे धरण असलेल्या सरोवरातच जमतं. आपल्याकडे मत्स्यशेती करणारे ज्याला गवत्या म्हणतात तो मासा सोडून पाहिला, पण त्याला मिलफॉइल आवडत नाही; तो आधी बाकीच्या सगळ्या चांगल्या वनस्पती फस्त करतो आणि मिलफॉइलला मैदान मोकळं करून देतो. राहता राहिली तणनाशकं. त्यांतलं टू-फोर-डी आपल्या ऊस उत्पादकांच्या चांगल्या ओळखीचं. तेच तिथे सरोवरात ओततात. परिणाम दिसतो, खर्चही दिसतो, आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा तोच खेळ.

अशा दिवसांत व्हरमाँटच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ब्राउनिंग्टन पाँड नावाच्या तळ्यातून बातमी आली, की तिथलं मिलफॉइल आपण होऊनच ओसरलं आहे. १९८६च्या सुमारास ज्या पाण्यात त्याचं रान माजलं होतं, तिथे १९८९पर्यंत त्याचा मागमूस उरला नव्हता म्हटलं तरी चालेल. कुणी औषध टाकलं नव्हतं, कुणी कापणी केली नव्हती. अशा बातम्या याआधीही आल्या होत्या; कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात कावर्था सरोवरांमधून ही वनस्पती कमी झाल्याचं १९८८मध्ये छापून आलं होतं, आणि ब्रिटिश कोलंबियातल्या निरीक्षकांनी ती खाणाऱ्या किड्यांची यादीही केली होती. मात्र बहुतेक ठिकाणी हवामान, गाळ, रोग असं कुठलं तरी कारण गृहीत धरून विषय मिटवला जाई. व्हरमाँटच्या मिडलबरी कॉलेजमधल्या सॅली शेल्डन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट क्रीड यांनी तो मिटवला नाही. उरल्यासुरल्या झाडांचे शेंडे त्यांनी उपटून पाहिले, तर त्यांत दोन खाणारे सापडले. एक, पाण्याखाली अळी वाढवणारा मूळचा युरोपीय पतंग. दुसरा, डिएट्झ यांनी नाव दिलेला हा सोंडकिडा.

सापडला म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. झाड आधीच मरायला टेकलं असेल आणि किडा नुसता मेजवानीला आला असेल, असंही शक्य होतं. म्हणून त्यांनी काचेच्या टाक्यांत आणि मग प्रत्यक्ष तळ्यात जाळीचे कप्पे करून प्रयोग केले. काही कप्प्यांत किडे सोडले, काहींत नाही. किडे असलेल्या कप्प्यांतली झाडं खुरटली आणि खाली बसली. १९९५मध्ये ‘इकॉलॉजिकल ॲप्लिकेशन्स’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधाचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं : उत्तर अमेरिकेतल्या एका शाकाहारी किड्यानं परक्या वनस्पतीला उतरती कळा लावली का? इतका पुरावा हाती असूनही प्रश्नचिन्ह ठेवणारे संशोधक मला फार आवडतात. पुढे ज्यांनी किड्याची जाहिरात केली त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ते प्रश्नचिन्ह पुसलं.

‘खाली बसली’ हे दोन शब्दांत उरकण्यासारखं नाही, कारण सगळी करामत तिथेच आहे. मादी शेंड्यावर, जिथे कोवळी पानं अजून मिटलेली असतात, तिथे एक-एक करून अंडी चिकटवते. दिवसाला सरासरी दोनच. अंडं पिवळसर, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. चारेक दिवसांत अळी बाहेर येते आणि प्रथम तो शेंडाच खाते. म्हणजे झाडाची वाढ जिथून होते तेच टोक. मग ती देठात भोक पाडून आत शिरते आणि आतला गर खात खाली सरकते, मधूनच बाहेर येते, पुन्हा आत जाते. देठ उजेडाकडे धरला तर आतली काळपट विष्ठेनं भरलेली वाट दिसते. एक अळी मोठी होईपर्यंत साधारण पंधरा सेंटिमीटर देठ पोकळ करते. कोशात जायची वेळ आली की ती खालच्या, जाड देठात उतरते, तिथे एक खोली कोरते. प्रौढ किडा बाहेर पडताना त्या जागी एक स्वच्छ गोल भोक राहतं, आणि देठ बहुधा तिथेच मोडतो.

आता मिलफॉइल उभं राहतं कशाच्या जोरावर, ते पाहिलं पाहिजे. जमिनीवरच्या झाडासारखं त्याच्यापाशी लाकूड नाही. देठातल्या पोकळ्यांत साठलेल्या वायूमुळे ते वर तरंगतं. अळीनं देठ फोडला की वायू निसटतो, पाणी शिरतं, आणि सगळा जड शेंडा मान टाकून तळाकडे झुकतो. पृष्ठभागावरचं जाजम असं आठवड्या-दोन आठवड्यांत पाण्याखाली जाऊ शकतं. एकही मूळ उपटलेलं नसतं. पण उजेडात पसरण्याचा त्याचा जो मोठा फायदा होता, तो गेला. शिवाय पानांत तयार झालेलं अन्न पोखरलेल्या देठातून मुळांपर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे पुढच्या वसंतासाठीची शिदोरी तोकडी पडते. मिनेसोटा विद्यापीठाचे रेमंड न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेनेको लेकमध्ये १९९६च्या उन्हाळ्यात असा उतार पाहिला आणि नोंदवला. तिथे मिलफॉइल गेल्यावर मूळच्या वनस्पतींनी जागा भरून काढली, हे महत्त्वाचं. कारण झाड मारणं सोपं, पण त्याची जागा घेणारं कुणी नसेल तर तेच परत येतं.

अंड्यापासून प्रौढ व्हायला पाणी उबदार असेल तर तीन-चार आठवडे पुरतात. उन्हाळ्यात दोन ते चार पिढ्या होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी गार होऊ लागलं की प्रौढ किडे सरोवर सोडतात, काही उडत, काही पोहत-तरंगत, आणि काठावरच्या पालापाचोळ्यात जाऊन बसतात. सरोवरावर बर्फ धरतं, त्यावर माणसं झोपड्या टाकून मासेमारी करतात. आमचे किडे त्या काळात पाण्यात नसतातच. ते काठापासून थोड्याच अंतरावर, कोरड्या पाचोळ्याखाली वसंताची वाट पाहत असतात. बर्फ वितळून पाणी जरा कोमट झालं की परत फिरतात. ही हिवाळी वस्ती फार उशिरा लोकांच्या ध्यानात आली. तोवर कित्येक सरोवरांच्या काठांवरचा पाचोळा झाडून, दगडी बांध घालून, पाण्याच्या रेषेपर्यंत हिरवळ कातरून झाली होती. वर्षाचे सात-आठ महिने ज्या जिवाचा मुक्काम कचऱ्यात, त्याचा तो कचरा स्वच्छतेच्या नावाखाली गेला.

किड्याची आवड बदलली, हा या कथेतला सर्वांत नवलाचा भाग. त्याचं मूळ खाद्य उत्तरी मिलफॉइल. त्या दोघांची सोबत हजारो वर्षांची. युरेशियन जात भेटून मात्र जेमतेम काही दशकं झालेली. तरीही युरेशियनवर वाढलेल्या माद्यांना उत्तरीवर अंडी घालण्याचं फारसं मन होत नाही, त्यांना युरेशियनच हवी असते, असं न्यूमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं. उत्तरीवर वाढलेल्यांची निवड इतकी ठाम नसते. वाढही युरेशियनवर अधिक चांगली आणि लवकर होते. झाड त्यांना सापडतं कसं, याचाही माग काढला गेला : मिलफॉइलमधून पाण्यात उतरणाऱ्या ग्लिसरॉल आणि युरॅसिल या दोन अगदी साध्या रसायनांकडे हे किडे ओढले जातात, असं २००५मध्ये प्रसिद्ध झालं. पाण्याखालच्या कीटकांत असा वास-चवीचा माग फारच थोड्यांचा लागला आहे. आपलं मूळचं झाड आणि त्याचा किडा एकमेकांशी जमवून राहिलेले असतात. पाहुण्या झाडाला ती रीत ठाऊक नसते, आणि ते ज्या बेफाम वेगानं वाढतं त्या वेगानंच किड्याला ताट वाढत जातं. म्हणजे पाहुण्याचं यश हेच त्याचं मर्म. निदान मला तरी तसं वाटतं.

इथून पुढे पैशाची गोष्ट. ओहायोतल्या एका कंपनीनं मिडलबरीतून निघालेल्या पद्धतीचा परवाना घेऊन किडे वाढवायला आणि विकायला सुरुवात केली. तेव्हा किंमत किड्यामागे साधारण एक डॉलर होती. सरोवरकाठच्या घरमालकांच्या संघटनांनी वर्गणी काढून हजारोंच्या संख्येनं ते विकत घेतले आणि मिलफॉइलच्या जुड्यांना बांधून पाण्यात सोडले. वर्तमानपत्रांना बातमी गोड लागली : विषाशिवाय इलाज, तोही देशी किड्याचा. काही सरोवरांत मिलफॉइल कमीही झालं. पण कमी झालं ते सोडलेल्या किड्यांमुळे, की आधीपासून तिथे असलेल्यांमुळे, की त्या वर्षीच्या गढूळ पाण्यामुळे, हे सांगायला शेजारी न सोडलेलं सरोवर तपासावं लागतं. विस्कॉन्सिनमध्ये काही वर्षं चाललेली अशी रीतसर तुलना २०१७मध्ये छापून आली. किडे सोडल्यामुळे मिलफॉइल घटल्याचं तीत दिसलं नाही. निकाल वाचून हळहळणारे बरेच होते. मला तो किड्याची बदनामी वाटत नाही. मुळात बहुतेक सरोवरांत किडा आधीपासून राहतच होता. त्याची संख्या कमी होती ती बाहेरून आणला नाही म्हणून नव्हे, तिला तिथे कुणीतरी किंवा काहीतरी दाबून ठेवलं होतं म्हणून. त्यात आणखी हजार ओतले तरी जे दाबतं ते दाबतच राहतं.

काय दाबतं? एक तर मासे. ब्लूगिल आणि त्याच्या जातीचे सनफिश नावाचे तळहाताएवढे मासे मिलफॉइलच्या रानातच वावरतात आणि शेंड्यावर अंडी घालायला आलेल्या माद्या टिपतात. अळी देठात सुरक्षित, अंडं सुरक्षित, पण मादी उघड्यावर. दिवसाला दोनच अंडी घालणाऱ्या मादीचं आयुष्य चार दिवसांनी कमी झालं तरी पुढच्या पिढीचा हिशोब कोलमडतो. न्यूमन यांच्या गटानं मिनेसोटातल्या सरोवरांत हे पडताळलं : जिथे हे मासे दाटीनं, तिथे सोंडकिडे जवळजवळ नाहीतच. आणि मासे दाटीनं का, तर मोठे शिकारी मासे गळाला लागून संपलेले. म्हणजे दोरी फिरून हौशी मासेमाराच्या हातात येते. दुसरं कारण कापणी. शेंडे छाटणारं यंत्र नेमका तोच हातभर भाग गोळा करून नेतं जिथे अंडी आणि अळ्या असतात. शेल्डन यांनी हेही तपासलं होतं. एकाच सरोवरात एका टोकाला किडे सोडायचे आणि दुसऱ्या टोकानं यंत्र फिरवायचं, असे प्रकारही झाले. तिसरं कारण काठ, ते वर आलंच.

मराठी वाचकाला इथे जलपर्णी आठवल्याशिवाय राहणार नाही. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, पंचगंगा. दरवर्षी उन्हाळा आला की तिची हिरवी चादर, काढण्याची कंत्राटं आणि त्यावरच्या तक्रारी. तिच्यावरही सोंडकिडे आहेत. निओकेटिना प्रजातीतले दोन सोंडकिडे जलपर्णीच्या मूळ प्रदेशातले, दक्षिण अमेरिकेतले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंगळूरला आणून, नीट पारखून सोडण्यात आले आणि तिथल्या काही तलावांत त्यांनी चांगलं काम केलं. दोन्ही गोष्टी वरवर सारख्या, पण त्यांची घोळमेळ करू नये. निओकेटिनाच्या बाबतीत परक्या वनस्पतीमागे तिचा जुना वैरी धाडला गेला. मिलफॉइलच्या बाबतीत वैरी घरचाच निघाला. पाहुणीशी त्याची ओळख पाण्यातच झाली, कुणी करून दिली नाही. म्हणूनच त्याच्यापासून इतर वनस्पतींना धोका आहे का, हा बाहेरच्या किड्याबाबत पहिला विचारावा लागणारा प्रश्न इथे उठलाच नाही. पण सोय तेवढीच. सांडपाण्यानं माजलेल्या नदीत जलपर्णी ज्या वेगानं वाढते त्यापुढे सोंडकिड्याची पिढी धापा टाकते, ही आपल्याकडची अडचण आणि माशांनी भरलेल्या सरोवरातली तिथली अडचण, या मात्र सख्ख्या बहिणी.

पुस्तिकेचा शेवटचा भाग मी सगळ्यांत अवघड विषयाला दिला आहे. २००२मध्ये जनुकीय तपासणीतून कळलं, की अमेरिकेतल्या अनेक सरोवरांत ज्याला सगळे युरेशियन मिलफॉइल समजत होते ते दोन्ही बहिणींचा संकर आहे. पानांवरून ते ओळखणं अवघड. जोड्यांची संख्या मधलीच कुठली तरी निघते. काही संकर युरेशियनहून जोमदार आहेत, आणि त्यांतल्या काहींवर टू-फोर-डीचा परिणाम कमी होतो. सोंडकिडा त्यांच्यावरही वाढतो, पण या संकरांचे प्रकार अनेक आणि प्रत्येकाचं वागणं वेगळं, त्यामुळे एका सरोवराचा अनुभव दुसऱ्याला लागू करताना जपून राहावं लागतं. आता काही ठिकाणी औषध ओतण्याआधी मिलफॉइलचा तुकडा प्रयोगशाळेत धाडून तो नक्की कोण आहे हे विचारतात. सोंडकिड्याची मोजणी करायची तर त्याहून सोपं आहे : जुलैत बोट काढायची, ठरावीक अंतरानं देठांचे वरचे हातभर शेंडे तोडून पिशवीत घालायचे, आणि घरी येऊन ताटात पाणी घेऊन एकेक पान उलगडायचं. पाचव्या प्रकरणात त्याची सगळी पद्धत दिली आहे, कोशाचं भोक आणि नुसता मोडलेला देठ यांतला फरक दाखवणाऱ्या चित्रांसह.